डिझायनरला शेवटी का बोलवता?
आज हिंजवडीच्या ऑफिसात मोठी मीटिंग झाली, दोन तास नव्या ॲपचं बजेट, डेडलाईन सगळं ठरलं आणि उठता उठता आम्हा डिझायनर्सकडे वळून "तेवढे स्क्रीन जरा छान करून द्या"... मनाला लागलं खरंच. गेल्या आठवड्यात कोथरूडच्या एका आजींना मी तेच ॲप वापरताना बघितलंय, चष्मा वर करून, बोट बटणापाशी धरून विचारत होत्या, "बाळा, हे दाबलं की लगेच पैसे जातात का गं?" आता हे त्या टेबलावर कोण सांगणार?

प्रवासात राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीच्या ३ संस्थापकांपैकी २ जण डिझाईन शिकलेले, पेप्सिकोने तर २०१२ मध्येच चीफ डिझाईन ऑफिसर नेमला! काय बनवायचं हे ठरतं तेव्हाच आम्ही तिथे असायला हवं. उद्या आजींचं म्हणणं घेऊन थेट साहेबांकडे जाणारे मी.