इजिप्तचे प्राचीन लोक नेमके कोण होते?

आनुवंशिकी शिकवते असं कळलं की लोक आधी घरातल्या मधुमेहाबद्दल विचारतात. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "पिरॅमिड बांधणारे लोक काळे होते की गोरे? डीएनए काय सांगतो?" तुम्ही विचारलंत म्हणून, मला पक्कं वाटतं तेवढं सांगते.

पुरावा फार थोडा आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. उष्णतेत डीएनएचे तुकडे पडत जातात. ममी बाहेरून कितीही शाबूत दिसली तरी आतला डीएनए टिकलेला असेलच असं नाही. १९८५ साली आनुवंशिकीतज्ज्ञ स्वांते पेबो यांनी ममीतून डीएनए मिळवल्याचं प्रसिद्ध केलं, पण तो नंतरच्या काळात मिसळलेला मानवी डीएनए असावा, असं पुढे मानलं गेलं. याच पेबोंना प्राचीन डीएनएवरच्या कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं. इतकं हे काम नाजूक आहे.

२०१७ मध्ये इजिप्तमधल्या अबुसिर अल-मलेक इथल्या १५१ ममींचा अभ्यास आला. त्यातल्या ९० जणांचा आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळाला, पण संपूर्ण जनुकसंचाबद्दल काही बोलता येईल अशी माणसं फक्त तीन. ती पश्चिम आशियातल्या प्राचीन लोकांच्या जवळची निघाली, आणि "इजिप्शियन आफ्रिकी नव्हतेच" असे मथळे झळकले. मला ते मथळे अजिबात पटले नाहीत. गाव एक, तेही उत्तरेकडचं, आणि काळ बराच उशिराचा. तोवर पश्चिम आशियाशी व्यापार, युद्धं, सोयरिकी असं सगळं होऊन गेलेलं होतं.

२०२५ मध्ये नुवैरातचा माणूस समोर आला. कैरोच्या दक्षिणेला, खडकात खोदलेल्या थडग्यात, एका मोठ्या मातीच्या भांड्यात त्याला पुरलं होतं. काळ इ. स. पूर्व २८५५ ते २५७० च्या दरम्यानचा, म्हणजे पिरॅमिडांचं युग सुरू होत होतं तेव्हाचा. ममी करायची पद्धत तेव्हा अजून रुळली नव्हती. त्याच्या दातांच्या मुळांतून जवळजवळ पूर्ण जनुकसंच मिळाला. सुमारे ८० टक्के वारसा उत्तर आफ्रिकेतल्या नवाश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या सुरुवातीच्या काळातल्या लोकांशी जुळणारा, आणि सुमारे २० टक्के मेसोपोटेमिया (मुख्यतः आजचा इराक) व आसपासच्या प्रदेशाशी.

मला या माणसाची हाडं जनुकांहून जास्त बोलकी वाटतात. उंची जेमतेम पाच फूट दोन-तीन इंच. वय त्या काळाच्या मानाने बरंच, चव्वेचाळीसच्या पुढचं. सांध्यांना संधिवात. वर्षानुवर्षं कठीण जमिनीवर बसून, हात पुढे करून, मान खाली घालून काम केल्याच्या खुणा. कुंभार असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण अशा कष्टकऱ्याला खडकातलं थडगं कसं मिळालं? कामात फार तरबेज असेल, मान मिळवला असेल. हा अंदाजच आहे, पण मला तो आवडतो.

रंगाचं म्हणाल, तर जनुकांवरून त्याची त्वचा गडद ते काळी, डोळे तपकिरी असावेत असं भाकीत आहे. पण भाकीतच, आणि तेही एका माणसापुरतं.

हा वाद इतका पेटतो याला कारणं आहेत. फ्लिंडर्स पेट्री यांच्यासारख्या युरोपीय संशोधकांनी, ही संस्कृती बाहेरून आलेल्या एका राज्यकर्त्या वंशाने उभारली, असं मांडलं होतं. जणू नाईलकाठच्या लोकांना ते जमणारच नव्हतं. सेनेगलचे इतिहासकार शेख अँता दियोप १९७४ साली कैरोत युनेस्कोच्या परिषदेत, प्राचीन इजिप्शियन कृष्णवर्णीय होते असं ठासून मांडत होते, ते याच पार्श्वभूमीवर. त्यांचा संताप मला समजतो. पण 'काळे' आणि 'गोरे' या आजच्या पेट्यांत तीन हजार वर्षांचं राज्य कोंबता येत नाही. डीएनए पूर्वजांचं नातं सांगतो. ती माणसं स्वतःला काय समजत होती, हे तो सांगत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं: ते नाईलच्या खोऱ्यातले, प्रामुख्याने उत्तर आफ्रिकी मुळांचे लोक होते. पश्चिम आशियाशी त्यांचं मिसळणं पिरॅमिडांच्याही आधीपासून चालू होतं. दक्षिणेकडे नुबियाशी (मुख्यतः आजच्या उत्तर सुदानशी) तर सीमाच लागून, इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकांत तिथल्या कुश राज्याच्या राजांनी इजिप्तवर राज्यही केलं. दक्षिणेतल्या लक्सॉर, आस्वान या बाजूचे जुन्या काळातले जनुकसंच अशाच तपशिलाने हाती येईपर्यंत, एका कुंभारावरून अख्ख्या देशाबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.