झुडपी जंगलाचे चारशे मीटर आणि सात महिने

दोन जंगलांच्या मधे नकाशावर रेघ ओढायला दहा मिनिटं लागतात. आमचा कॉरिडॉर, म्हणजे प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्यात जायला झाडी लावून राखायचा पट्टा, अडला तो चारशे मीटरच्या एका गटावर. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ (विदर्भात झुडपांची म्हणून नोंदलेली सरकारी जमीन), मालक महाराष्ट्र शासन. वन कार्यालयानं सांगितलं, जमीन महसूल खात्याची, तिकडे जा. तिकडचे साहेब म्हणाले, सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर झुडपी म्हणजे वनच, आमच्याकडे कशाला आलात? सात महिने पत्रंच फिरली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जमीन वनच धरायची हे स्पष्ट केलं, तेव्हा कुठं फाईलवर शेरा पडला.

थोडी चूक आमचीही. अर्जाचा विषय होता ‘वृक्षलागवडीसाठी जागा मिळणेबाबत’. ‘जागा मिळणे’ वाचलं की बाबूला अतिक्रमणच दिसतं. लिहायचं असं: ताबा बदलणार नाही, पक्कं बांधकाम नाही, फक्त देशी झाडं. सोबत चालू सातबारा, गटनकाशा आणि निस्तार पत्रक. हे शेवटचं पटवाऱ्याकडे मागितल्याशिवाय निघत नाही. गावाचा चराईहक्क त्यात असतो. तो न पाहता लावलेली रोपं पहिल्याच वर्षी गुरांच्या पोटात जातात, आणि त्यात गुराख्याचा दोष नसतो.

रेघ कुठून न्यायची हे नाल्यानं ठरवावं. काठच्या ओल्या वाळूत पहाटे खुरं, पंजे बघा. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर जिथून रोज उतरतात तीच खरी वाट. उपग्रहाचं एकच चित्र फसवतं: नोव्हेंबरात उभी तूर जंगलासारखी दिसते, एप्रिलात पानझडीनं साग उघडा पडतो. दोन्ही शेजारी ठेवा. तुरीत वाघ दिवसभर दडतो हे खरं, पण तूर कापली की आडोसा गेला, म्हणून कायमची झाडी लागतेच.

खड्डे उन्हाळ्यातच, दीड फूट लांब-रुंद-खोल. धावडा, पळस, बोर, बेहडा लावा. घाणेरी मुळासकट काढा, नुसती छाटली तर पावसात दुप्पट येते.

हो, रस्ता आडवा येत असेल तर नुसत्या सिमेंट पाईपावर भागवू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी ९ पूल-भुयारं आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटर. गावरस्त्याला एवढं नको, पण मोरी रुंद हवी, पलीकडचा उजेड दिसायला हवा, तळ मातीचा ठेवावा.

आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. पोचेचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.