आठही बटणे एकाच पंपाची

आज कुणाशी बोलावेसे वाटले नाही. आईचा फोन वाजला, तोही राहून गेला. माझ्या पायथन प्रोग्रॅमच्या पडद्यावर आठ पंपांची आठ बटणे आहेत, प्रत्येक पंप हा एकाच क्लासचा, म्हणजे एकाच साच्यातून बनलेला, स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे, आणि कोणतेही बटण दाबले तरी आठवाच पंप सुरू होतो. एररची एखादी ओळ आली असती, तर निदान सरांना दाखवता आली असती. हा प्रोग्रॅम काहीच बोलत नाही, आणि त्याच्या या गप्प राहण्याचाच मला त्रास होतो.

कारण दुपारी उलगडले. बटणे जोडणाऱ्या फॉर लूपमधला लॅम्डा, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारे छोटे बिननावाचे फंक्शन, पंप जवळ ठेवत नाही, फक्त व्हेरिएबलचे नाव ठेवतो. बटण दाबले जाईपर्यंत लूप केव्हाच संपलेला असतो आणि ते नाव शेवटच्या पंपाकडे बोट दाखवत असते. यावर सर्वांना पाठ असलेला उपाय म्हणजे पंपाचा इंडेक्स, म्हणजे लिस्टमधला क्रमांक, लॅम्डाच्या डीफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये (दुसरे काही न दिल्यास वापरल्या जाणाऱ्या किमतीत) पकडून ठेवणे. तो केला, तर आठही बटणे पहिला पंप सुरू करू लागली, आणि तेही एररशिवाय! बटणे पायक्यूटीची आहेत, म्हणजे खिडक्या-बटणे बनवणाऱ्या क्यूटी लायब्ररीच्या पायथन रूपाची; तिचा क्लिक्ड सिग्नल, म्हणजे बटण दाबल्याची सूचना, सोबत चेक्ड ही बुलियन (ट्रू किंवा फॉल्स) किंमत पाठवतो. साध्या बटणाच्या बाबतीत ती फॉल्स असते, ती थेट आपल्या डीफॉल्टच्या जागी जाऊन बसते, आणि लिस्टच्या इंडेक्समध्ये फॉल्स म्हणजे शून्य, म्हणजेच पहिला पंप. त्या क्षणी मला रडू यायचेच बाकी होते. इतके तास बसावे आणि समोरच्याने एका शब्दानेही सांगू नये, हे मनाला लागतेच.

संध्याकाळी मात्र राग ओसरला. पायथनने आपला नियम पाळला होता, क्यूटीने आपला. गप्प राहून कुणी काही लपवले नव्हते, विचारायचे कुठे तेवढे मला उमगत नव्हते. मग लॅम्डा काढून, बटणाला काम जोडणाऱ्या कनेक्टला पंप.स्टार्ट ही मेथडच (पंपाचे स्वतःचे फंक्शन) कंसांशिवाय दिली. अशी मेथड डॉटने घेतली, की त्याच क्षणी तिला तिचा इन्स्टन्स, म्हणजे तो विशिष्ट पंप, चिकटतो. प्रत्येकीचा डंडर सेल्फ (__self__, म्हणजे तिला चिकटलेला पंप) प्रिंट करून पाहिला, तेव्हा आठ ओळींत मेमरीतले आठ वेगळे पत्ते आले. ते मी सावकाश, एकेक करून वाचले.

वेगाची बटणे अजून राहिली आहेत. तिथे आकडाही सोबत द्यावा लागतो, म्हणून लॅम्डा ठेवावाच लागेल. पण त्याचे पहिले आर्ग्युमेंट चेक्ड असेल, आणि पंप व वेग त्याच्यानंतर.