सायटिका: ऑपरेशन आत्ता की थांबून?

मे महिन्याच्या सुट्टीत उजव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत कळ जायला लागली. कमरेतली नस दाबली गेली की पायात अशी कळ उतरते, तीच सायटिका. शाळा सुरू झाली तरी पाय सुटेना. वर्गात उभं राहणं जमायचं, पण साखळीहून पणजीला कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, बसून जाणं नको व्हायचं. सीट रिकामी असली तरी मी दांडा धरून उभी.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, डॉक्टरांनी मला उताणी निजवून पाय सरळ वर उचलला. अर्ध्यावर यायच्या आतच घोट्यापर्यंत वीज गेली. एमआरआयत कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकून नस दाबलेली दिसली. खाली आणखी ओळी होत्या: झीज, फुगवटा. घरात दोन तट पडले. भावोजी म्हणाले, ऑपरेशन करून मोकळी हो. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, पाठीला सुरी लावलीस तर अंथरूण धरशील.

डॉक्टरांनी आधी झिजेची भीती घालवली. २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के माणसांत चकतीची झीज दिसली. मीही पन्नाशीचीच. म्हणजे रिपोर्टमधली प्रत्येक ओळ हा आजार नव्हे. पायात उतरणाऱ्या कळेशी जुळते ती दाबलेली नस.

मग ऑपरेशनचं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये आला. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले: एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला औषधं आणि वाट पाहणं. ऑपरेशनवाल्यांना साधारण चार आठवड्यांत आराम पडला, थांबलेल्यांना बारा. वर्षअखेर मात्र दोन्हीकडे ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. प्रश्न किती दिवस कळ सोसायची, एवढाच उरला. मी थांबायचं ठरवलं. एक ताकीद मिळाली: पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर अपरात्रीसुद्धा थेट बांबोळी.

सासूबाईंचा आग्रह होता, निजून राहा. पण १९९९ च्या डच अभ्यासात सायटिकाला अंथरुणावर पडून राहिल्याने जास्त गुण आला नव्हता. मी सकाळी अंगणात चालायचे, दुखलं की टेकायचे, परत चालायचे.

फिजिओथेरपिस्ट दर खेपेला ओस्वेस्ट्रीची प्रश्नावली भरून घ्यायच्या. पाठीच्या दुखण्याने रोजची कामं किती अडतात, ते तिच्यावरून कळतं. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास: ओझं उचलणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास. संशोधनातही अशाच प्रश्नावल्यांनी रुग्णांची प्रगती मोजतात. मला ही पद्धत फार पटली. ‘कसं वाटतंय’ म्हटलं की आपण त्या दिवशीच्या मूडवर बोलतो. ‘किती वेळ बसता येतं’ याला खरं उत्तर द्यावंच लागतं. बसण्याचे गुण कमी व्हायला लागले तेव्हा कळ तशीच वाटत होती, तरी कागद सांगत होता की फरक पडतोय.

चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास, मुलांनी बांधली. मी खालून फळं देत होते, तीही एकेक. नाताळच्या सुट्टीपर्यंत पायातली कळ गेली. अंगठ्याच्या वरच्या बाजूला थोडा बधिरपणा अजून आहे. नस सावकाश सावरते, असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या तपासणीला तो पुन्हा टाचणी टोचून पाहणार आहेत.