आमची वाटचाल: तांब्याचं वजन गिऱ्हाइकासमोर

मोटर रिवाइंडिंग, म्हणजे मोटरीतली जळकी तार काढून नवी भरणं, हा झाकलेल्या मालाचा धंदा आहे. वार्निश चढलं, झाकणं बसली, वरून रंगाचा हात फिरला की आत तांबं भरलंय की ॲल्युमिनियम, वेढे पुरे आहेत की कमी, तार नेमक्या गेजची आहे की एक नंबर बारीक, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. पुन्हा जळेपर्यंत तर नाहीच.

पप्पांनी पुण्यात रास्ता पेठेत दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे हाताने फिरवायचं कॉइलचं मशीन, तारेवरचं इन्सुलेशन तपासायचा एक जुना मेगर आणि तपकीर गल्लीतल्या तारवाल्याने दिलेली उधारी. पण पहिल्यापासून त्यांचा एक नियम होता. जळकी तार काढली की गिऱ्हाइकासमोर काट्यावर घालायची आणि आकडा बिलावर लिहायचा. नवी तार किती लागली, तेही लिहायचं. भंगार तांबं गिऱ्हाइकाचं. हवं तर घेऊन जावं, नाहीतर त्या दिवसाच्या भावाने बिलातून वजा. पाच एचपीच्या मोटरीत साधारण अडीच-तीन किलो तांबं निघतं, म्हणजे रक्कम हलकी नाही. आसपासच्या लाइनीत भंगार कारागिराचं असा रिवाज होता. ‘तुम्ही आमची पंचाईत करताय,’ असं ओळखीचे दुकानदार पप्पांना सांगायचे. पप्पा वाद घालत नसत. थैलीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नकोस, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन त्यांना आजीने लहानपणीच शिकवलं होतं.

आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आसरा दिलेल्या मुलींना प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, छपाईही शिकवली. रमाबाई १९२२ साली गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्या कामात तिथल्याच बायकांचे हात होते. आजीच्या घरात त्यामुळे काम आणि भक्ती अशी दोन खाती कधी नव्हती. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरत असे, हे ती आवर्जून सांगायची. त्याचे तंबू गळके निघाले असते तर त्याचा उपदेश ऐकायला कोण थांबलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

शिरूर, खेड, पुरंदरकडचे शेतकरी विहिरी-बोअरमधले सबमर्सिबल पंप घेऊन आमच्याकडे येतात. त्यातल्या कित्येकांच्या ओळखीत ख्रिस्ती माणूस म्हणजे मी एकटीच. मी फसवलं तर नाव एकट्या माझं जाणार नाही, हे मी कारखान्यात पाऊल टाकताना रोज मनाशी म्हणते. भिंतीवर वचन लावायला माझी हरकत नाही, पण त्या वचनाखाली बसून खोटं बिल फाडण्यापेक्षा भिंत कोरी राहिलेली बरी.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं गेली, घरं गेली. आमच्यापर्यंत पोचले ते पार्किंगमध्ये आणि तळघरात बुडालेले पंप. टेम्पो, रिक्षा, मिळेल त्या वाहनाने चिखलाने भरलेल्या मोटरी येत होत्या. आता बुडालेली मोटर आणि जळालेली मोटर यात फार फरक आहे. बंद असताना बुडाली असेल तर बऱ्याचदा वाइंडिंग शाबूत असतं. उघडायची, रोटर काढायचा, स्लॉटमधला गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, ओव्हनमध्ये सावकाश वाळवायची आणि मग वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मेगर लावायचा. किमान एक मेगओम दाखवला नाही तर परत ओव्हनमध्ये. मग वार्निश आणि नवीन बेअरिंग, कारण पाणी बेअरिंग सोडत नाही. याचा खर्च रिवाइंडिंगच्या मानाने फारच कमी. पण घाबरलेल्या माणसाला ‘जळाली’ म्हटलं तर तो निमूट पैसे देतो.

आमचा एक कारागीर म्हणाला, ‘ताई, या आठवड्यात वर्षाची कमाई निघेल.’ तो खोटं बोलत नव्हता. मी दर जुनेच ठेवले आणि मोटर सोडवायला येणाऱ्या प्रत्येकाला मेगरचा काटा दाखवायचा, असं ठरवलं. अरण्येश्वरच्या एक काकू चष्मा वर करून काट्याकडे बघत राहिल्या.

‘म्हणजे जळली नाही म्हणता?’

‘नाही काकू. धुऊन वाळवलीय. बेअरिंग तेवढी दोन नवीन.’

त्यांनी बिल उलटंपालटं करून पाहिलं आणि सोसायटीतल्या बाकीच्या मोटरीही आमच्याकडेच आणल्या.

सगळीकडे असं होत नाही. एका मोठ्या सोसायटीच्या पदाधिकाऱ्याने बिल वाढवून मागितलं, फरक त्याचा. मी नाही म्हटलं आणि ते काम कायमचं गेलं. तसं काम सुटलं की महिनाभर जाणवतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पगार शनिवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकाचे पैसे आले असोत वा नसोत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस, असं बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकात लिहिलंय. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा गाळ्याचे हप्ते थकले, माझ्या पाटल्या गहाण पडल्या, पण पगार थांबले नाहीत.

कामगार बहुतेक हिंदू, दोघे मुसलमान. खंडेनवमीला ते मशीन पुसून झेंडूची फुलं वाहतात. मी पूजा करत नाही, अडवतही नाही. पेढे मात्र माझ्याकडून असतात. नाताळात आमच्या फराळाचे डबे त्यांच्या घरी जातात. कुणी येशूबद्दल विचारलं तर मनापासून सांगते, न विचारता धडे देत बसत नाही.

आमच्याकडे शिकलेल्या एकाने नऱ्ह्यात स्वतःचं वर्कशॉप काढलंय. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला वारी चुकत नाही. काटा त्याने दारातच मांडलाय. मोठ्या सबमर्सिबलचं काम तो आमच्याकडे पाठवतो, सोबत चिठ्ठी असते: ‘ताई, गिऱ्हाईक बरोबर येतंय, वजन त्याच्यासमोर करा.’