तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुवारी रात्री नऊ ते दहा

"गुरुवारी रात्री तुमचा फोन लागतच नाही, डॉक्टरसाहेब. उपवास-बिपवास असतो की काय?" अमळनेरात किराणा दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही हा प्रश्न मला गाठतो. एका आजींनी तर मी दत्ताचं करतो असं परस्पर ठरवूनही टाकलंय. कारण साधं आहे: त्या तासात मी मुंबईच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत असतो. पण हे कसं सुरू झालं ते सांगायला २०२० पर्यंत मागे जावं लागतं.

मी तालुक्याच्या गावातला मुलांचा डॉक्टर. तोपर्यंत मुंबईच्या मुलांच्या हॉस्पिटलशी माझं नातं होतं एका चिठ्ठीपुरतं. मूल आवाक्याबाहेर गेलं की लेटरहेडवर चार ओळी खरडायच्या आणि अॅम्ब्युलन्स वळणाआड जाईपर्यंत दारात उभं राहायचं. पुढे काय झालं ते पंधरा दिवसांनी बाजारात कळायचं, मुलाच्या मामाकडून. वर्षातून एकदा धुळ्याला नाहीतर जळगावला औषध कंपनीच्या खर्चाने व्याख्यान व्हायचं. मोठे डॉक्टर बोलायचे, आम्ही माना हलवायचो, मग गुलाबजामचं जेवण, आणि पाहुणे रात्रीच्या गाडीने परत. नवीन काय चाललंय हे खरं तर आम्हाला एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सांगायचे. कोणत्या गावात कसला ताप आहे, कुठल्या डॉक्टरने काय सुरू केलंय, सगळं. त्यांच्या बॅगेत सॅम्पलपेक्षा बातम्या जास्त.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि ही चिठ्ठी, हे एमआर, ते गुलाबजाम, सगळं एकदम बंद. ओपीडीत चिटपाखरू नाही. दीड महिन्याच्या लशीची बाळं तीन महिन्यांची होत चाललेली. पुढे जूनमध्ये तर जळगाव जिल्ह्यातल्या कोरोना मृत्यूंचं प्रमाण देशभर गाजत होतं. जिल्ह्याबाहेर कुणाला फोन केला की पहिला प्रश्न तोच. आणि मी घशात टॉर्च मारायला घाबरणारा बालरोगतज्ज्ञ झालो होतो.

माझ्याबरोबर एमडी केलेला एक मित्र मुंबईच्या त्या हॉस्पिटलात आहे. एप्रिलमध्ये त्याने व्हिडिओ मीटिंगची एक लिंक पाठवली: गुरुवारी रात्री नऊला ये, तुमच्याकडचे आणखी कोणी असतील तर त्यांनाही घे. पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, चाळीसगाव असे आम्ही जमलो. पहिल्या दिवशी अर्धा वेळ "आवाज येतोय का" यातच गेला. ही पद्धत काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपॅटायटिस-सीच्या रुग्णांसाठी असंच सुरू केलं होतं. रुग्णाने शेकडो मैल येण्याऐवजी त्याच्या गावच्या डॉक्टरलाच दर आठवड्याला तज्ज्ञांसमोर बसवायचं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की कुणीतरी बोलतंय.

सुरुवातीचे विषय अगदी स्वयंपाकघरातले. दम्याच्या मुलाला नेब्युलायझर लावला तर खोलीभर फवारा उडतो, म्हणून पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) वापरा. स्पेसर मिळत नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीला बुडाशी भोक पाडा. ती बाटली मी अजून ठेवलीय. औषधांचं मात्र दर गुरुवारी वेगळं ऐकू यायचं. गेल्या गुरुवारी आम्ही चुकीचं सांगितलं, असं मोठ्या हॉस्पिटलातला माणूस स्वतः म्हणतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकलं.

मे महिन्यात विलायतेतून एका नव्या दुखण्याची खबर आली. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मुलाला पुन्हा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, आणि मग हृदयच थकतं. नाव पडलं एमआयएस-सी, म्हणजे मुलांच्या अनेक अवयवांना एकदम सूज आणणारं दुखणं. दिसायला बरंचसं कावासाकी आजारासारखं, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारासारखं. तो आजार १९६७ मध्ये जगासमोर मांडणारे जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी त्याच जूनमध्ये ९५ व्या वर्षी गेले. त्या गुरुवारी कुणीतरी ते सांगितलं आणि पडद्यावरची सगळी चौकोनी तोंडं क्षणभर गप्प झाली.

आमच्याकडे हे दुखणं खरं उतरलं ते सप्टेंबरनंतर. आठ वर्षांचा पोरगा, बावीस किलोचा. आई म्हणाली, "डाक्टरसाहेब, चार दिन व्हई ग्यात, ताप उतरस नई. पोट दुखस." सर्जनकडे अपेंडिक्स म्हणून दाखवून झालं होतं. मी टायफॉइड, डेंग्यू असं मनात मोजत होतो. सहज विचारलं, घरात कुणी आजारी होतं का? महिन्यापूर्वी आबा गेले होते, कोरोनाने. मी पोराच्या ओठांचा फोटो काढला आणि रात्री अकराला आमच्या गुरुवारच्या ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत उलट प्रश्न आला: हातपाय गार आहेत का? बीपी किती?

बीपी. माझ्याकडे लहान मुलाचा कफच नव्हता, म्हणजे बीपी मोजायला दंडाला बांधतात तो पट्टा. मुलांचा डॉक्टर, आणि मुलाचा कफ नाही. लिहितानाही लाज वाटते. तो होता समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे. आमचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. कारण सांगण्यासारखं नाही, एक पेशंट आणि दोन जिभा, एवढंच. त्या रात्री मी त्याचं दार वाजवलं. तो कफ घेऊन आला, आणि गेला नाही.

वरचं बीपी ७४. आठ वर्षांच्या मुलाला निदान ८६ तरी हवं. मी म्हणालो, अॅम्ब्युलन्स बोलावतो, पाठवतो मुंबईला. पलीकडून मित्र म्हणाला, "आमच्याकडे पाठवू नकोस."

मला आधी रागच आला. मग त्याने समजावलं. मुंबई साडेतीनशे किलोमीटर, या बीपीवर पोरगा कसारा घाटही बघणार नाही. धुळ्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे, व्हेंटिलेटर आहे, तासाभराचा रस्ता आहे. आत्ता सलाइन थोडं थोडं दे, दर वेळी लिव्हर चाचपून बघ, स्टिरॉइडचा पहिला डोस तिथेच दे, आणि धुळ्याच्या डॉक्टरांशी मी बोलतो. एवढ्या वर्षांत मोठ्या हॉस्पिटलकडून मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तो. चिठ्ठीवर हा सल्ला कधी मिळाला नसता, कारण चिठ्ठी पेशंटबरोबरच पोचते.

आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, वजनाच्या किलोला दोन ग्रॅम लागतं. म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅम, पाच ग्रॅमच्या नऊ बाटल्या. वडिलांनी कापूस वेचायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घेतली. पोरगा वाचला.

पण सगळ्या गोष्टी अशा नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात एका मुलीला मी पाच दिवस टायफॉइड समजून इंजेक्शनं देत राहिलो. ग्रुपवर विचारलं नाही. वर्षभर ऐकतोय, आता एवढं तर कळतंच, असा ताठा. ते एमआयएस-सी होतं, आणि तिला पाठवलं तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या होत्या. जगली, पण दर सहा महिन्यांनी तिचा इको अजून होतो. ती केस मी स्वतः गुरुवारी मांडली. कुणी काही बोलेना. मग मुंबईच्या सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरांनी माइक सुरू केला आणि स्वतःची अशीच एक चूक सांगितली, तारखेसकट. माझ्या मते हा ग्रुप टिकला तो त्या पाच मिनिटांमुळे.

आम्हीही त्यांना काही कमी सांगितलं नाही. घरी सोडताना ते इंग्रजी कार्डावर लिहायचे, दोन आणि सहा आठवड्यांनी इको. अमळनेर तालुक्यातली मजुरी करणारी बाई त्यासाठी मुंबईला कशी येणार? भांडून ते इको धुळ्याला करायचे ठरले. कार्ड मराठीत करून घेतलं. अॅस्पिरिनची गोळी ताप उतरल्यावर का बंद करायची नाही, हे त्यात मोठ्या अक्षरात आलं, कारण निम्म्या आया ती बंद करतात. आणि मूल घरी सोडलं की त्याच रात्री आम्हाला मेसेज. आता मामाची वाट बघावी लागत नाही.

साथ ओसरली तशी गर्दीही ओसरली. हल्ली सात-आठच जण असतो. कधी गोवर, कधी विंचूदंश, कधी कुपोषण. बंद करावं का, असं दरवर्षी निघतं आणि मागे पडतं.

समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरच्या घरी नेट नीट चालत नाही, म्हणून तो गुरुवारी आमच्याकडेच येतो. कफही त्याने परत नेलेला नाही. तेव्हा नऊ ते दहा माझा फोन लागला नाही, तर त्याचाही लावू नका, तोही बाजूलाच असतो. कंपाउंडरचा नंबर दोन्ही दवाखान्यांच्या दारावर लिहिलाय. मूल तापाने फणफणलेलं असेल तर त्याला लावा, तो दार वाजवून आत येतो.