माझा अनुभव: घानाच्या ढोलवादक सरांना शाळेत आणताना एका फॉर्मने घातलेला घोळ

न्यू जर्सीत कोणाला मुलांच्या शाळेत बाहेरचा कलाकार शिकवायला आणायचा असेल तर पैसे, वाद्यं, टाइमटेबल सगळं नंतर बघा, आधी त्या माणसाच्या जुन्या नोकऱ्यांचा फॉर्म सुरू करा, अगदी ज्या दिवशी विचार डोक्यात येईल त्याच दिवशी. आमच्याकडे प्रिन्सिपल बाई लगेच हो म्हणाल्या, पीटीओने म्हणजे पालक-शिक्षक संघाने पैसे मंजूर केले, फिंगरप्रिंट झाले, आणि मग स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, एचआरमध्ये सगळं जे अडकलं ते आठवलं तरी अजून डोकं तापतं.

आमचे सर घानाचे, व्होल्टा रीजनमधले, एवे समाजातल्या आन्लो गटाचे. मी इथल्या ढोल-ताशा पथकात वाजवते, तिथल्याच एका मैत्रिणीबरोबर नेवार्कला चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या रविवारच्या क्लासला गेले आणि तिथलीच झाले. एवे लोकांचं वादन एकट्याने होतच नाही. गांकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा असते, आगबाजा नाचात ती १२ मात्रांत ७ ठोके देते आणि शेवटपर्यंत बदलत नाही, तिच्यावर आहात्से म्हणजे भोपळ्याचा खुळखुळा, मग ढोल, छोटा कागानू, मग किदी, सोगो, आणि या सगळ्यांना बोलायला लावणारा उंच आत्सिमेवू, तो स्टँडवर तिरका टेकवून उभ्याने वाजवतात. प्रत्येकाचा ठेका वेगळा, त्यामुळे शेजारच्याचं ऐकल्याशिवाय आपला टिकत नाही. ठेके ते तोंडाने बोलून शिकवतात, तबल्याच्या बोलांवर वाढलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटतं. आणि आधी नाच. पायात ताल बसला नाही तोवर सर हातात काठी देत नाहीत. चौथी-पाचवीच्या मुलांना यापेक्षा चांगलं काय मिळणार?

तर तो फॉर्म. न्यू जर्सीत २०१८ साली कायदा झाला की शाळेत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येकाने, बाहेरून काँट्रॅक्टवर येणाऱ्यानेसुद्धा, मागच्या २० वर्षांतल्या अशा सगळ्या नोकऱ्या लिहून द्यायच्या जिथे मुलांशी थेट संबंध होता, आणि त्या प्रत्येक ठिकाणाहून लेखी उत्तर मागवायचं की या माणसावर मुलांच्या छळाची किंवा लैंगिक गैरवर्तनाची चौकशी, कारवाई झाली होती का. जुन्या मालकाने २० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मी स्वतः आई आहे, हा कायदा मला शंभर टक्के पटतो, असाच कडक असायला हवा. पण तो राबवणाऱ्या माणसांनी समोरच्याचं आयुष्य कसं गेलंय हे ऐकून घ्यायला नको का?

सरांनी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. इथल्या दोन आफ्टर-स्कूल संस्था, त्यांची उत्तरं पटकन आली. त्याआधी घानात आन्लोगा गावाजवळच्या एका सरकारी शाळेत ते मुलांना कल्चरल ड्रमिंग शिकवायचे. आणि त्याच काळात गावच्या हबोबोत होते. हबोबो म्हणजे वादन-नाचाचं मंडळच, त्याला अध्यक्ष असतो, सेक्रेटरी असतो, गाणी रचणारा हेसिनो असतो, मुख्य वादक आझागुनो असतो, गावात कोणी गेलं की अंत्यविधीला हेच वाजवतात, आणि लहान मुलं तिथेच बघत बघत शिकतात. आमचे सर तिथे आझागुनोच्या हाताखाली तयार झाले आणि नंतर पोरांना शिकवायला लागले. पगार नाही, ऑफिस नाही, लेटरहेड नाही. एचआरच्या बाईंनी दोन्ही ठिकाणांपुढे ‘उत्तर प्रलंबित’ लिहून फाइल बाजूला ठेवली.

शाळेला पोस्टाने फॉर्म पाठवला, काही नाही. मग ईमेल केला, तर हेडमास्तर बदललेले, नवीन मॅडमनी फार चांगुलपणाने रजिस्टर काढून बघितलं आणि उत्तर पाठवलं पण जीमेलवरून, कारण त्या शाळेचा ईमेलच जीमेलचा आहे. एचआर म्हणे अधिकृत डोमेनवरून आलेलंच चालेल. मी म्हटलं शाळेला फोन करून खात्री करून घ्या, मी नंबर देते. तर म्हणे आम्ही परदेशात फोन करत नाही. घाना उन्हाळ्यात आपल्यापेक्षा ४ तास पुढे, हिवाळ्यात ५, म्हणजे इथलं ऑफिस उघडून चहा होईपर्यंत तिथली शाळा सुटायला आलेली, आणि मधेच त्यांची मोठी सुट्टी लागली. दर वेळी मी फोन केला की वेगळीच बाई उचलणार आणि मी परत पहिल्यापासून सांगणार, हबोबो काय, आन्लोगा कुठे, सगळं. एकीने तर विचारलं की मग या माणसाचं शिक्षण नक्की कुठे झालं. ज्या माणसाने लहानपणापासून हेच केलं त्याच्याबद्दल हा प्रश्न. सर शांत होते, मी नव्हते.

हे सगळं चालू असताना शाळेने पत्रकसुद्धा छापून टाकलं, ‘जेंबे क्लास’ म्हणून. जेंबे माली-गिनीकडच्या मांदे लोकांचं, हातांनी वाजवतात, आणि एवे ढोल बहुतेक काठ्यांनी. पश्चिम आफ्रिका म्हणजे एकच गाव आहे असं लोक धरून चालतात. सरांनी स्वतः बसून पत्रक दुरुस्त करून दिलं, वर घानाचा छोटा नकाशा काढून दिला.

सुटलं कसं ते सांगते. एक, सगळं बोलणं फोनवरून बंद केलं आणि लेखी विचारलं की डोमेनची अट कायद्यात आहे की तुमची आहे. या ईमेलची कॉपी प्रिन्सिपल बाईंनाही ठेवली. याचं उत्तर आलं नाही पण फाइल डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या वकिलांकडे गेली, आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी ती वाचली. दोन, हेडमास्तर मॅडमना विनंती करून लेटरहेडवर, शिक्क्यासकट पत्र घेतलं आणि ते घाना एज्युकेशन सर्व्हिसच्या त्यांच्या जिल्हा ऑफिसमधून पुढे पाठवून घेतलं, म्हणजे वरचा शिक्का पण आला. हे आधीच कोणी सुचवलं असतं तर कित्येक आठवडे वाचले असते. हबोबोसाठी वकिलांनी मार्ग काढला, सेक्रेटरींचं सही केलेलं पत्र, सरांचं नोटरी केलेलं निवेदन, आणि आम्ही कधी कधी कसा संपर्क केला त्याची तारीखवार नोंद. मी पहिल्या दिवसापासून वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉटसुद्धा, आणि त्याचा मला अभिमान आहे. ती वही नसती तर आम्ही अजून तिथेच असतो.

आणखी एक, उत्तरं यायची असताना ९० दिवसांपर्यंत तात्पुरतं काम देता येतं अशी सोय त्याच कायद्यात आहे. ती अटींवर आहे आणि देणं-न देणं डिस्ट्रिक्टच्या हातात, पण लेखी मागा तरी. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही.

इन्शुरन्सचं राहिलं. सर्टिफिकेटवर शाळेचं नाव चालत नाही, बोर्ड ऑफ एज्युकेशनचं पूर्ण कायदेशीर नाव लागतं, स्पेलिंगसकट. आमच्या पथकाने जिमचा हॉल घेतला होता तेव्हाचं जुनं सर्टिफिकेट समोर ठेवून मी ते पहिल्या फटक्यात बरोबर केलं. आणि शाळेच्या नर्सने ढोलाच्या कातड्याबद्दल विचारलं तर रागावू नका. २००६ साली न्यूयॉर्कमधल्या एका ढोल बनवणाऱ्याला पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या कच्च्या कातड्यांमुळे अँथ्रॅक्स झाला होता, तो बरा झाला, पण प्रश्न रास्त आहे. आम्ही मुलांसाठी सिंथेटिक पानांचे ढोल घेतले, सरांचा स्वतःचा आत्सिमेवू तेवढा कातड्याचा, तो फक्त तेच वाजवतात. खोली जिम नको, आवाज इतका घुमतो की घंटाच ऐकू येत नाही आणि घंटा गेली की सगळं गेलं. आम्हाला कॅफेटेरिया मिळाला, टेबलं बाजूला सरकवली की नाचायला भरपूर जागा. अनवाणी नाचायला परवानगी मिळाली नाही, स्नीकर्सवर भागवलं.

शेवटी मंजुरीचा ईमेल आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते, तिथूनच सरांना फोन लावला, ते म्हणाले घंटा कोण आणणार ते आधी ठरवा. पहिल्या तासाला मुलांनी फक्त टाळ्यांवर ते ७ ठोके बसवले. आता गाहू नावाचा दुसरा एवे नाच चालू आहे, गोलात नाच आणि मधे ढोल, आणि एक अजिबात न बोलणारा मुलगा किदी इतका घट्ट धरतो की सर आत्सिमेवूवर त्याला मुद्दाम कठीण कठीण बोल टाकतात आणि तो बरोबर उत्तर देतो.

घानाहून शिक्क्याचं पत्र मागवाल तेव्हा दोन ओरिजिनल मागवा, कारण दुसऱ्या डिस्ट्रिक्टला परत सगळं नव्याने द्यावं लागतं. आमचं दुसरं पत्र आत्ताच शेजारच्या टाउनशिपच्या शाळेला दिलंय, तिथे मार्चपासून सर किंका हा आणखी एक एवे नाच शिकवायला घेतायत.